मलबारची खेप

आत्या एकाहत्तर वर्षांची आहे आणि तिनं कधी स्वतःहून मला अमुक ठिकाणी जायचंय असं म्हटल्याचं मला आठवत नाही. कायम दुसऱ्यांच्या सोयीनं जगलेली बाई. पण या भाऊबीजेला सगळे अलिबागला जमलो होतो तेव्हा ताटं उचलता उचलता ती एकदम म्हणाली, मला एकदा कोचीन बघायचंय गं. कोची नाही, कोचीन, कारण तिच्या वडिलांच्या, म्हणजे माझ्या आजोबांच्या तोंडी तेच नाव होतं.

आजोबा गलबतावर होते, आधी खलाशी, मग तांडेल. खाली मलबारकडं जायचं आणि तिकडून काथ्या, खोबरं, कौलं भरून परत यायचं, त्याला आमच्या घरात 'मलबारची खेप' म्हणायचे. मी जन्मायच्या आधीच ते गेले, त्यामुळं माझ्यासाठी ते भिंतीवरचा एक फोटो आणि आत्यानं सांगितलेल्या चार गोष्टी. त्यातली एक गोष्ट अशी की तिच्या बाबांचे तळहात इतके कडक झाले होते की ते डोक्यावरून हात फिरवायचे तेव्हा केस अडकायचे. गलबताचा दोर ओढून ओढून. ही गोष्ट ती दरवेळी सांगते आणि दरवेळी स्वतःच्या डोक्यावरून हात फिरवून दाखवते.

तर मी पुढच्याच आठवड्यात तिकिटं काढली. पनवेलहून नेत्रावती, खिडकीची सीट. ती जवळजवळ पूर्ण रस्ताभर बाहेर बघत होती, पूल आला आणि खाली खाडी दिसली की मान पुढं करून बघायची, बाबा इथनं गेले असतील का असं एकदा म्हणाली, मी म्हटलं खाडीत नाही गं, समुद्रातनं, तर म्हणाली वारा पडला की खाडीतच शिरायचे ना. हे मला माहीतच नव्हतं.

एर्नाकुलमहून फोर्ट कोचीला आम्ही वॉटर मेट्रोनं गेलो. बॅटरीवर चालणारी बोट, एसी, स्वच्छ, आवाज जवळजवळ नाहीच, आणि तिकीट मेट्रोसारखं. २०२३ मध्ये ही सेवा सुरू झाली आणि खरं सांगते, आपल्या मांडवा-रेवसच्या बाजूला हे बघायला मिळावं असं फार मनापासून वाटलं. वाटेत विलिंग्डन बेट लागतं, ते बेट मुळात एवढं नव्हतंच. ब्रिटिशांच्या काळात रॉबर्ट ब्रिस्टो नावाच्या इंजिनियरनं बंदराचा तळ खोल करायला जो गाळ उपसला त्या गाळाच्या भरावानं ते बेट एवढं झालंय. तसं बघायला गेलं तर हे बंदरच मुळात पाण्याच्या मर्जीनं झालेलं. १३४१ साली पेरियार नदीला प्रचंड पूर आला, वरच्या अंगाचं मुझिरीस हे पुरातन बंदर गाळानं बुजलं आणि इथं कोचीला समुद्राकडं तोंड मोकळं झालं. मिरीचा सगळा व्यापार मग इकडं सरकला. त्या मिरीच्या मागे पोर्तुगीज आले, १६६३ मध्ये डचांनी त्यांना हाकललं, १७९५ मध्ये इंग्रजांनी डचांना. आत्याला हे मी बोटीत सांगत होते आणि ती एवढंच म्हणाली, म्हणजे सगळे मिऱ्यांसाठी. मी म्हटलं हो, सगळे मिऱ्यांसाठी.

पहिल्या संध्याकाळी धो धो पाऊस. तिकडं दिवाळीच्या सुमाराला परतीचा पाऊस असतो, दुपारपर्यंत लख्ख ऊन आणि चार वाजले की आभाळ भरून येतं. होमस्टेच्या पडवीत बसून आम्ही पाऊस बघितला, बास.

दुसऱ्या दिवशी सकाळी सेंट फ्रान्सिस चर्च. १५०३ साली पोर्तुगीजांनी इथं पहिलं लाकडी चर्च बांधलं, नंतर ते दगडविटांचं झालं. पुढं ते डचांकडं गेलं, मग इंग्रजांकडं, आणि आता चर्च ऑफ साउथ इंडियाकडं आहे, म्हणजे त्या एका इमारतीनं पंथसुद्धा बदलले मालकांबरोबर. लोक मुख्यतः वास्को द गामाची जागा बघायला येतात. तो तिसऱ्यांदा भारतात आला आणि १५२४ च्या ख्रिसमसच्या आदल्या दिवशी इथं कोचीतच वारला, इथं पुरला, आणि १५३९ मध्ये त्याचे अवशेष पोर्तुगालला नेले. म्हणजे आज तिथं रिकामी जागा आहे, जमिनीत एक दगड, भोवती कठडा. शाळेत आपण १४९८ पाठ केलेलं असतं, कालिकत पाठ केलेलं असतं. १५०२ मात्र आपल्याला कुणी शिकवत नाही. त्या साली दुसऱ्या सफरीत याच माणसानं मक्केहून परतणाऱ्या यात्रेकरूंचं एक जहाज माणसांसकट जाळलं होतं, मिरी नावाचं जहाज, बायकामुलं होती त्यावर. मी कठड्याशी उभी राहिले, फोटो काढला नाही. काढावासा वाटला नाही.

पण चर्चमध्ये मला जे दिसलं त्यानं ती सगळी ट्रिप वेगळीच झाली, ते सांगते. दोन्ही बाजूंच्या भिंतीत जुने थडग्यांचे दगड उभे करून बसवलेत, एका बाजूला पोर्तुगीज, दुसऱ्या बाजूला डच. मोठमोठे, माणसाएवढे, कोरीव अक्षरं, घराण्याची चिन्हं, नाव, हुद्दा, तारीख. आणि वर छताखाली लांब कापडी पंखे टांगलेत, वीज यायच्या आधीचे, ज्यांना दोर बांधलेला असायचा आणि तो दोर भिंतीतून बाहेर जायचा आणि बाहेर एक माणूस बसून तो ओढत राहायचा म्हणजे आत प्रार्थनेला बसलेल्यांना वारा लागायचा. आत्या त्या दगडांकडं बघतच नव्हती. ती मान वर करून दोर कुठं जातो ते बघत होती, मग म्हणाली चल बाहेर. आम्ही बाहेर येऊन भिंतीच्या कडेनं गेलो. ऊन रणरणत होतं. ती भिंतीला पाठ लावून उभी राहिली आणि म्हणाली, इथं बसत असेल तो. सावली पण नाही बघ.

आतल्या प्रत्येक दगडावर नाव आहे. इथल्या भिंतीवर काहीच नाही.

मला त्यानंतर कोचीत सगळीकडं दोरच दिसायला लागले.

चिनी जाळी तर सगळ्यांनी फोटोत बघितलेली असतातच, कोचीचं कुठलंही पोस्टर घ्या, सूर्यास्त आणि ती जाळी. मल्याळममध्ये चीनवला. कुणी म्हणतं चिनी व्यापाऱ्यांनी चौदाव्या-पंधराव्या शतकात आणली, कुणी म्हणतं मकाववरून पोर्तुगीजांनी आणली. फोटोत ती कोळिष्टकासारखी नाजूक दिसतात, प्रत्यक्षात जवळ गेलं की कळतं हे अवजड यंत्र आहे. सागाचे आणि बांबूचे वासे, आता काही ठिकाणी लोखंडी पाइप, एका टोकाला पसरलेलं जाळं आणि दुसऱ्या टोकाला दोरांना टांगलेले दगड. खरोखरचे मोठे दगड, एकाखाली एक. एक माणूस मधल्या मोठ्या वाशावरून पाण्याकडं चालत जातो, नुसत्या त्याच्या वजनानं तोल झुकतो आणि जाळं पाण्यात उतरतं. काही मिनिटं थांबायचं. मग चार-पाच जण मागचे दोर धरून एका दमात ओढतात, दगड एकेक करून जमिनीला टेकत जातात तसा भार हलका होत जातो, आणि जाळं पाण्यातून वर येतं, सगळीकडून पाणी गळत. इतकं सोपं आणि इतकं अचूक, की मी तीन वेळा नुसती दगडांकडंच बघत राहिले, कुठला कधी टेकतो.

जाळ्यावरचे लोक टूरिस्टना बोलावतात दोर ओढायला, नंतर थोडे पैसे द्यायचे असतात. मी म्हटलं आत्या नको, खांदा दुखेल. तिनं पर्स माझ्या हातात दिली, पदर खोचला आणि जाऊन दोर धरला. मध्ये नाही, शेवटाला, जिथं शेपूट असतं तिथं. एक म्हातारेसे गृहस्थ तिच्या पुढं होते, त्यांनी मल्याळममध्ये काहीतरी हाळी दिली आणि सगळ्यांबरोबर तिनं ओढलं. जाळ्यात काय आलं, तर दहाबारा लहान मासे, दोन-तीन कोळंबी आणि बाकी सगळी जलपर्णी. पावसाळ्यानंतर बॅकवॉटरमधली जलपर्णी वाहत येते आणि जाळी अशीच भरतात, ती काढण्यातच त्यांचा निम्मा वेळ जातो. त्या माणसांनी न चिडता एकेक वेल काढून फेकला आणि परत जाळं सोडलं. आत्या परत आली तेव्हा दोन्ही तळहात लाल झाले होते. मला दाखवले नाहीत, मीच बघितले.

डच कब्रस्तान बघायला गेलो तर फाटकाला कुलूप. वर १७२४ कोरलंय. गजांमधून आतली थडगी दिसतात, गवत वाढलेलं, वरून कावळे. सांताक्रूझ बॅसिलिका लवकर बघून झाली, इमारत सुंदर आहे, जुनं कॅथेड्रल इंग्रजांनी पाडल्यावर शंभरेक वर्षांनी नवं बांधायला घेतलं आणि १९०५ मध्ये पूर्ण झालं, पण त्या दिवशी लग्न होतं आणि फार गर्दी होती.

धोबीखान्यात मात्र आम्ही तास-दीड तास बसलो. वेली मैदानाजवळ आहे. इथले लोक तमिळ, वण्णार समाजाचे, डचांनी सैन्याचे कपडे धुवायला त्यांना तमिळ मुलखातून आणलं असं ते स्वतः सांगतात. डच गेले, इंग्रज गेले, हे राहिले, आता हॉटेलांच्या चादरी आणि हॉस्पिटलांचे कपडे धुतात. ओळीनं दगडी हौद, प्रत्येकाचा ठरलेला, आणि मागं मोकळ्या जागेत वाळत घातलेले कपडे, शेकड्यानं. आत्यानं मला कोपरानं ढोसलं. बघ, चिमटे नाहीत. खरंच एकही चिमटा नव्हता. दोन पदर पिळून केलेला काथ्याचा दोर, त्या पिळात कपड्याचा कोपरा सरकवायचा, दोर त्याला धरून ठेवतो, वारा आला तरी सुटत नाही. एक आजी करवंटीच्या कोळशाची इस्त्री फिरवत होत्या, जड पितळी इस्त्री, आत्याच्या वयाच्या असाव्यात. दोघींना एकमेकींचा एक शब्द कळत नव्हता. आत्यानं दोराला हात लावून, मग स्वतःकडं बोट करून, मग हातानं गलबताचं शीड दाखवून सांगायचा प्रयत्न केला की माझे वडील. त्या आजी हसल्या आणि तिला बसायला स्टूल दिलं. कळलं की नाही माहीत नाही, पण स्टूल दिलं.

मट्टनचेरी वेगळी. फोर्ट कोचीत टूरिस्टसाठी रंगवलेले कॅफे आहेत, मट्टनचेरीत गोदामं आहेत, सुंठीचा आणि मिरीचा वास आहे, टेम्पोंची गर्दी आहे, गुजराती पाट्या आहेत. मला तीच जास्त आवडली. राजवाड्याला डच पॅलेस म्हणतात पण बांधला पोर्तुगीजांनी, सोळाव्या शतकाच्या मध्यावर, आणि कोचीच्या राजाला भेट दिला, डचांनी फक्त नंतर दुरुस्त केला. राजाच्या शयनगृहाच्या भिंतींवर रामायण रंगवलंय, दाटीवाटीनं, गेरू आणि हिरव्या रंगात, माणसाला माणूस चिकटून, मधे श्वास घ्यायला जागा नाही. काळी गुळगुळीत जमीन संगमरवराची वाटते पण ती करवंटीचा कोळसा, चुना, झाडांचे रस आणि अंड्याचा पांढरा भाग घालून केलेली आहे. आत्यानं वाकून हात लावला. आपण करवंटीनं काय करतो, बंब पेटवतो, म्हणाली. (शुक्रवारी राजवाडा बंद असतो आणि शनिवारी सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ, त्यामुळं जाणाऱ्यांनी वार बघून जा.)

सिनेगॉग. आमच्यासाठी हा शब्द परका नाही. अलिबागला इस्रायल आळी आहे, तिथं मागेन अबोथ सिनेगॉग आहे, आणि आत्याचं लहानपण त्या आळीच्या तोंडाशी गेलंय. आपल्याकडचे बेने इस्रायली लोक, म्हणजे कोकणातले ज्यू, तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी काम बंद ठेवायचे म्हणून गावात त्यांना शनिवार तेली म्हणत. आडनावं किहीमकर, नवगावकर, पेणकर, बोलणं आपल्यासारखंच मराठी, पातळ नऊवारी. आत्याच्या शेजारच्या काकू मलिद्याचं ताट घरी पाठवायच्या, पोहे, खोबरं, साखर, वर फळं, ती चव तिला अजून आठवते. मग एक दिवस ते सगळे इस्रायलला गेले. आत्या तेव्हा आठ-नऊ वर्षांची होती आणि त्यांच्या धाकट्या मुलीनं जाताना तिला सागरगोट्यांचा पूर्ण संच दिला होता.

कोचीचं 'परदेशी सिनेगॉग' १५६८ सालचं. गल्लीच्या टोकाला, बाजूला अठराव्या शतकातला घड्याळाचा मनोरा, त्याच्या तबकड्यांवर हिब्रू, रोमन आणि मल्याळी आकडे. चपला काढून आत जायचं, हे आत्याला फार बरं वाटलं. आत खाली निळ्या-पांढऱ्या चिनी फरशा, १७६२ मध्ये कॅन्टनहून जहाजानं आलेल्या, हातानं रंगवलेल्या, दोन फरशा अगदी तंतोतंत सारख्या नाहीत असं सांगतात. झाड, पूल, पाणी, परत झाड. वर काचेची झुंबरं. १९६८ मध्ये या वास्तूला चारशे वर्षं झाली तेव्हा इंदिरा गांधी आल्या होत्या. आज मट्टनचेरीत ज्यू जवळजवळ उरलेच नाहीत, बहुतेक सगळे इस्रायलला गेले, आमच्या आळीसारखंच. आणि दुवा नुसता तेवढाच नाही, आपल्या कोकणातल्या बेने इस्रायलींना हिब्रू प्रार्थना आणि धर्मविधी शिकवायला याच कोचीचे ज्यू लोक येऊन राहिले होते. म्हणजे आत्याच्या बालपणी इस्रायल आळीतून जे सूर कानावर यायचे त्यातला काही भाग इथून गेलेला. मी हे तिच्या कानात सांगितलं. ती काही बोलली नाही, बाकावर बसून राहिली, बरीच वेळ, शेवटी तिथल्या माणसानं बंद व्हायची वेळ झाली म्हणून खूण केली.

बाहेर आलो तर भर दुपार. पाणी संपलेलं. चेरलईच्या बाजूला चालत चालत कोकणी लोकांच्या वस्तीत आलो, तिथं तिरुमल देवाचं मोठं देऊळ आहे, गौड सारस्वतांचं. गोव्यात पोर्तुगीजांनी देवळं पाडली, १५६० मध्ये इन्क्विझिशन, म्हणजे धर्मावरून शिक्षा करणारं न्यायालय, आणलं, तेव्हा जी माणसं किनाऱ्या-किनाऱ्यानं खाली पळाली त्यातली बरीच इथं कोचीच्या राजाच्या आसऱ्याला आली. एका घराच्या पडवीत पापड वाळत घातलेले आणि एक बाई राखण करत बसलेल्या. आत्यानं आपली मराठी-हिंदीत पाणी मागितलं. बाईंनी आत तोंड करून हाक मारली, "उद्दाक हाड गो."

आत्या उभीच राहिली. उदक! आपल्याकडं हा शब्द आता देवाधर्मापुरता उरलाय, उदकशांत, उदक सोडणे, एवढाच. इथं साडेचारशे वर्षं झाली गाव सोडून, तीनचार राज्यं बदलली, भोवती सगळीकडं मल्याळम, आणि घरात पाणी मागायला अजून तोच शब्द. मुलगी तांब्या घेऊन आली. आत्या दोन्ही हातांनी पाणी प्यायली आणि मग त्या बाईंना विचारत सुटली, मीठ काय म्हणता, घर काय म्हणता, पाऊस काय म्हणता, आणि दोघी एकेका शब्दाला हसत होत्या, निम्मे जुळत होते, निम्मे नव्हते. आम्ही तिथून पापडाची चार पाकिटं घेऊन निघालो.

त्या रात्री मला झोप येईना म्हणून मी फोनवर 'होर्तूस मलाबारिकुस'चे स्कॅन उघडले. या पुस्तकाबद्दल थोडं ऐकलं होतं, पण नीट कधी बघितलं नव्हतं. व्हॅन रीड नावाचा डच गव्हर्नर इथं कोचीत होता, १६७० च्या दशकात. सैनिकांना औषधं लागायची, हॉलंडहून यायला महिने लागायचे, आणि औषधी झाडं तर इथं दारात उभी. त्यानं ती सगळी गोळा करून त्यांची चित्रं आणि माहिती करवून घेतली. बारा खंड, अॅमस्टरडॅमला छापले, १६७८ ते १६९३, लॅटिनमध्ये, सातशेहून जास्त झाडं. चित्रं अशी की पानाची शीर न शीर दिसते. आणि चित्राच्या कोपऱ्यात झाडाचं नाव वेगवेगळ्या लिप्यांत, रोमन, मल्याळी, अरबी, आणि नागरी. नागरी! मी झूम करून करून वाचत होते, अक्षरं जुन्या वळणाची, पण वाचता येतात. सतराव्या शतकातल्या डच पुस्तकात आपली अक्षरं.

कारण असं की या कामाला तीन कोकणी पंडित होते, रंगभट, विनायक पंडित आणि अप्पुभट. दुपारी जिथं पाणी प्यायलो त्याच समाजातले. आणि झाडांची खरी जाण ज्यांची ते इट्टी अच्युतन, चेरतलाच्या बाजूचे वैद्य, ईळव समाजातले, जो समाज तेव्हा अस्पृश्य मानला जायचा. पहिल्या खंडात या सगळ्यांची सहीनिशी पत्रं छापलेली आहेत, आपण हे काम केलं म्हणून. इट्टी अच्युतन यांचं त्यांच्या लिपीत, पंडितांचं नागरीत, १६७५ चं. रायगडावर महाराजांचा राज्याभिषेक होऊन जेमतेम वर्ष होत आलेलं तेव्हा. पोर्तुगीजांनी घर सोडायला लावलेली माणसं, आणि पोर्तुगीजांना हाकलणाऱ्यांच्या पुस्तकात त्यांची नावं.

मी रात्री साडेबाराला आत्याला उठवलं. तिनं चष्मा लावला, फोन डोळ्यांजवळ धरून ती नागरी अक्षरं एकेक करून वाचायचा प्रयत्न केला, शाळेतल्या मुलासारखं बोट लावून, त्यामुळं स्क्रीन सारखी हलत होती. मग तिनं विचारलं, यात दोर ओढणाऱ्यांची पण नावं आहेत का? झाडं गोळा करायला जंगलात कोण गेलं, पानं वाहून कुणी आणली? मी म्हटलं त्यांची नाहीत. ती म्हणाली, पण वैद्याचं आहे ना. मी म्हटलं वैद्याचं आहे. मग ती झोपली.

मट्टनचेरीत एक जुना क्रूस आहे, कूनन कुरिशु, वाकडा क्रूस. ३ जानेवारी १६५३ ला केरळच्या सेंट थॉमस ख्रिश्चनांनी इथं जमून शपथ घेतली की पोर्तुगीज जेझुइट पाद्र्यांचं आम्ही ऐकणार नाही. माणसं इतकी की सगळ्यांचा हात क्रूसाला पोचेना, म्हणून क्रूसाला दोर बांधले आणि ते दोर धरून लांब लांबच्या माणसांनी शपथ घेतली, आणि त्या ओढीनं क्रूस वाकला अशी आख्यायिका आहे. हे मी आत्याला तिसऱ्या दिवशी रिक्षात सांगितलं. तिनं रिक्षा थांबवायला लावली आणि आम्ही जाऊन आलो. साधंसं चर्च आहे आता. तिथं आमच्याशिवाय कुणी नव्हतं.

मला सारखं आमचं रेवदंडं आठवत होतं. तिथंही पोर्तुगीजच होते, किल्ला आहे, चर्चचे पडके मनोरे आहेत, १७४० मध्ये तो मराठ्यांकडं आला, आणि आता तटाच्या आत नारळी-सुपारीच्या वाड्या आहेत, पाट वाहतात, लोक राहतात. मी लहानपणापासून शंभर वेळा गेले असेन आणि तटावरची पोर्तुगीज चिन्हं दाखवली असतील पाहुण्यांना. त्या तटाचा चिरा कुणी वाहिला हा प्रश्न मी तिथं एकदाही विचारला नाही, आणि कोचीत येऊन विचारते आहे.

शेवटच्या दिवशी परतीच्या बोटीला तास होता. आत्या म्हणाली जाळ्याकडं जाऊ. तेच म्हातारे गृहस्थ होते, त्यांनी ओळखलं, हात वर केला. यावेळी तिनं दोर धरला नाही. ती दगडांपाशी गेली आणि दगड बांधलेल्या गाठीकडं वाकून बघायला लागली. काथ्याचा जाड दोर, ओला, दोन वेढे आणि मधून काढलेलं टोक. मी विचारलं, आजोबांची गाठ का? मला खरं तर तिनं हो म्हणावं असं फार वाटत होतं, सगळी खेप त्यासाठीच होती असं मला वाटायला लागलं होतं.

ती म्हणाली, नाही. बाबा अशी नाही मारायचे. ही वेगळी आहे.

मग तिनं बाजूला पडलेला दोराचा एक तुकडा उचलला, गुडघ्यावर धरला, आणि आजोबांची गाठ मारून त्या गृहस्थांसमोर धरली. त्यांनी ती हातात घेतली, दोन्ही बाजूंनी ओढून बघितली, सुटली नाही. त्यांनी नखानं एक पदर सैल करून ती पूर्ण उलगडली आणि स्वतः मारायला घेतली. पहिल्यांदा चुकली. आत्यानं त्यांचा हात धरून टोक कुठून काढायचं ते दाखवलं. मागून बाकीच्यांनी हाळी दिली, जाळं वर घ्यायची वेळ झाली होती, पण ते उठले नाहीत, अर्धी गाठ हातात धरून तसेच बसले होते.